दोनदा रिक्रूट झालेला माणूस

३० ऑगस्ट १९२२. लंडनच्या कोव्हेंट गार्डन भागात हेन्रिएटा स्ट्रीटवर हवाईदलाचं भरती कार्यालय होतं. त्याच्या समोरच्या फुटपाथवर एक ठेंगणा, हडकुळा माणूस बराच वेळ घुटमळत होता. पोटात भीतीने गोळा आलेला. दारापर्यंत जायचं, परत फिरायचं. वय ३४, आणि आत रांगेत होती ती मुलं अठरा-वीस वर्षांची. शेवटी तो आत गेला आणि नाव सांगितलं, जॉन ह्यूम रॉस.

नाव खोटं होतं. ह्या माणसाने पाच वर्षांपूर्वी उंटस्वारांच्या टोळीबरोबर वाळवंट ओलांडून अकाबा हे बंदर तुर्कांच्या हातून काढून घेतलं होतं. सैन्यात तो कर्नल होता. पॅरिसच्या शांतता परिषदेत तो अरबांच्या बाजूने उभा राहिला, चर्चिल वसाहत मंत्री असताना त्यांचा सल्लागार होता. टी. ई. लॉरेन्स, म्हणजे लॉरेन्स ऑफ अरेबिया. सिनेमा बऱ्याच जणांनी पाहिला असेल, १९६२ चा, पण सिनेमात नेमका हाच भाग नाही. अपघाती मृत्यू आहे, वाळवंट आहे, दमास्कस आहे. मधली तेरा वर्षं हा माणूस काय करत होता त्याचा पत्ताच नाही.

ह्या लेखात मी त्याला एकेरीतच बोलवणार आहे. कर्नल लॉरेन्सला अहो-जाहो केलं असतं, पण एअरक्राफ्टमन रॉसला कुणीही केलं नसतं आणि त्याला तेच हवं होतं.

आधीचं थोडक्यात सांगते. जन्म १८८८, वेल्समध्ये. वडिलांनी आधीची बायको आणि मुली सोडून मुलींच्या गव्हर्नेसबरोबर वेगळ्या नावाने संसार मांडला होता. ‘लॉरेन्स’ हे आडनावसुद्धा असं घेतलेलं. म्हणजे पुढे त्याने नावं बदलली त्याचं आपल्याला नवल वाटतं, पण त्याला ते जन्मापासून चालत आलेलं होतं. आई कडक धार्मिक, पाच भाऊ, घर ऑक्सफर्डमध्ये. १९०९ मध्ये क्रूसेडच्या काळातले किल्ले बघायला तो सीरियात हजारएक मैल चालला. मग कार्केमिशला उत्खनन, मग महायुद्ध. १९१५ मध्ये दोन भाऊ फ्रान्समध्ये मारले गेले. १९१६ पासून तो अरबांच्या बंडात होता. अरबांना स्वातंत्र्याचं आश्वासन दिलं जात होतं, आणि त्याच वर्षी ब्रिटन-फ्रान्सने तो प्रदेश आपसात वाटून घ्यायचा गुप्त करार केला होता. आपण मित्रांना फसवतोय हे मनात ठेवून तो लढला. ते ओझं त्याच्या डोक्यावरून कधी उतरलं नाही.

युद्धानंतर त्याने त्या सगळ्यावर ग्रंथ लिहायला घेतला. सेव्हन पिलर्स ऑफ विजडम हे नाव बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या नवव्या अध्यायातलं. १९१९ मध्ये रेडिंग स्टेशनवर गाडी बदलताना हस्तलिखिताचा बहुतेक भाग हरवला. त्याने तो १९२० मध्ये पुन्हा लिहून काढला. आपल्याकडे असाइनमेंटची फाइल करप्ट झाली तर आपण दोन दिवस जेवत नाही! पण हेच पाहा, इतक्या चिवट माणसालासुद्धा हवाईदलाच्या पहिल्या आठवड्यात असं वाटलं की हे आपल्याच्याने होणार नाही.

भरतीचीच गंमत झाली. त्या दिवशी कार्यालयात अधिकारी होता डब्ल्यू. ई. जॉन्स, पुढे बिगल्सच्या गोष्टी लिहिणारा. जॉन्सने नंतर सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे त्याला ह्या रॉसचा संशय आला आणि त्याने त्याला परत पाठवलं. थोड्या वेळाने रॉस हवाई मंत्रालयाच्या निरोप्याला घेऊन परत आला, घ्या म्हणून हुकूमच होता. डॉक्टरांनी कपडे उतरवायला लावले तर पाठीवर वळ. १९१७ मध्ये डेरा इथे तुर्कांच्या हाती सापडल्यावर आपल्याला फटके मारले, असं त्याने आपल्या ग्रंथात लिहिलंय. शिवाय वजन कमी. डॉक्टर पास करेनात, म्हणून दुसरा डॉक्टर आणून सही घेतली. हवाईदलाचे प्रमुख ट्रेन्चर्ड आणि त्यांच्या हाताखालचे स्वान एवढ्या मोजक्या वरिष्ठांना हा रॉस कोण ते ठाऊक होतं. अशी वरून चिठ्ठी आणून लोक अधिकारी व्हायला जातात, हा गेला दलातल्या सगळ्यात खालच्या पायरीवर. दुसऱ्या वर्गाचा एअरक्राफ्टमन, त्याच्या खाली काही नसतं.

का गेला? ह्यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. त्याने स्वतः एका मित्राला लिहिताना मध्ययुगात माणसं मठात जायची त्याच्याशी ह्या भरतीची तुलना केली होती. मला ते पटतं, आणि मला लगेच संत इग्नेशियस आठवतात. तेही सैनिक, पांपलोनाला तोफगोळ्याने पाय मोडलेला. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी बार्सिलोनात पोरांच्या बाकावर बसून लॅटिनची रूपं पाठ करत होते. मोठ्या माणसाने पुन्हा पहिलीत जाऊन बसायचं. पण इग्नेशियसना पुढे कुठे जायचंय ते हळूहळू दिसत गेलं. लॉरेन्सला मागून सुटका हवी होती, पुढचं दिसत नव्हतं. एक गोष्ट मात्र खरी होती, विमानांवर त्याचा जीव होता. माणसाने आकाश जिंकणं हे आपल्या पिढीचं काम आहे असं तो मानायचा.

अक्सब्रिज हे लंडनजवळचं रिक्रूटांचं केंद्र. तिथल्या सुमारे दहा आठवड्यांवर त्याने द मिंट हे पुस्तक लिहिलं. मिंट म्हणजे टांकसाळ. आपल्या मराठीत हा शब्द किती चपखल बसतो बघा, धातू तापवायचा, ठोकायचा आणि सगळ्यांवर एकच छाप. पहिल्या भागाचं नाव कच्चा माल ह्या अर्थाचं, दुसऱ्याचं चक्कीत भरडणं ह्या अर्थाचं.

बेळगावात राहणाऱ्यांना रिक्रूट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या कॅम्पातच आहे. पहाटे कॉलेजच्या बसमधून धावणाऱ्या रांगा आपण बघतो, तेवढ्याच बघतो. रात्री त्या रांगेतल्या मुलांना काय वाटतं ते द मिंटमध्ये आहे.

ड्रिल होती, पण ड्रिलपेक्षा जास्त होते ते फटीग, म्हणजे अंगमेहनतीची बिनबुडाची कामं. स्वयंपाकघरातली खरकटी भांडी, डुकरांसाठीचा उष्ट्याचा लगदा, घाणीची गाडी. आज घासलेलं उद्या परत घासायचं. पीटीचे तास त्याला मरणासारखे वाटत. १९१९ मध्ये रोमजवळ विमान कोसळलं होतं, दोन्ही वैमानिक गेले, हा हाडं मोडून वाचला. ते शरीर घेऊन तो पोरांबरोबर उड्या मारत होता. श्वास पुरत नसे, जेवण पोटात ठरत नसे, झोप येत नसे. आणि शिव्या! पुस्तकात इतक्या आहेत की १९५५ मध्ये सर्वसामान्य वाचकांसाठी ते निघालं ते त्या गाळून. पूर्ण मजकुराची सर्वांसाठीची आवृत्ती यायला १९७३ उजाडलं.

तिथला प्रमुख युद्धात पाय गमावलेला अधिकारी होता. लॉरेन्सने त्याला जवळजवळ राक्षस करून टाकलंय. मला वाटतं तिथे त्याचा तोल गेलाय. मोडलेल्या शरीराने स्वतःवर आणि दुसऱ्यांवर जबरदस्ती करणारा माणूस त्याला ओळखू यायला हवा होता, तो रोज आरशात दिसत होता. चर्च परेडवरचा भाग वाचतानाही मी जरा थबकले. रविवारी हुकमाने प्रार्थनेला नेलेल्या पोरांना त्या उपासनेतला एक शब्दही लागू पडत नाही, असं त्याचं म्हणणं. कॅथलिक म्हणून मला ते बोचलं. पण शाळेत रांगेने चॅपलला जाताना आमच्यातल्या किती जणींचं लक्ष आत होतं, हे मी कशाला सांगू.

आता मुद्दा. दाखल झाल्यावर एक-दोन दिवसांतच त्याने स्वानना पत्र लिहिलं. वाटलं होतं तितकं वाईट नाही, पण मला झेपेल का ह्याची खात्री नाही, दिवस कसाबसा ढकलतोय, झोप, जेवण आणि पीटी एवढं जमलं तर निभावेल, असा त्याचा आशय. इतर पोरांना परत जायचं म्हणजे बेकारीत जायचं. ह्याला मात्र फक्त एक पत्र टाकायचं होतं. ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजची फेलोशिप होती, बडे मित्र होते. दार बंद असलं तर माणूस नाइलाजाने राहतो, दार रोज उघडं दिसत असताना राहणं हे खरं अवघड.

मी हे पुस्तक वाचायला घेतलं ते ह्याच प्रश्नासाठी. माझा मावसभाऊ गेल्या वर्षी भरती झाला. तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला, मावशीला नाही, मला. पाय सुजलेत, उस्ताद सारखा ओरडतो, मला घरी यायचंय, आईला तू सांग म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. देशभक्तीची वाक्यं मला येतात, वक्तृत्व स्पर्धेत मी ती म्हटलीयत, पण सुजलेल्या पायांना ती सांगायची कशी?

लॉरेन्सही असली वाक्यं सांगत नाही. अक्सब्रिजमध्ये तो कशामुळे टिकला हे पुस्तकातून शोधायला गेलं तर फार लहान गोष्टी हाताला लागतात. एक म्हणजे रात्री दिवे जाण्याआधी तो पलंगावर गुडघे वर घेऊन, त्यांवर कागद ठेवून टिपणं काढायचा. दिवसभर जे अंगावर आलं ते रात्री शब्दांत धरायचं. सकाळी पुन्हा मार खायला जाणारा तोच, पण त्याच्यात आता एक बघणारासुद्धा असायचा.

दुसरी म्हणजे ती बराक. लोहार, खलाशी, दुकानातले नोकर, नोकरी गेलेले, असे सगळे एका लांब खोलीत. पहिल्या रात्री प्रत्येकाला प्रत्येकाची भीती. हळूहळू एकाचा त्रास सगळ्यांचा होतो. लॉरेन्स आयुष्यभर लोकांच्या पुढे चाललेला माणूस, अंगाला कुणी हात लावलेला त्याला सहन व्हायचा नाही. इथे तो पन्नासातला एक झाला. तो घोरणाऱ्यांचे आवाज ऐकत जागा पडायचा आणि त्याला बरं वाटायचं. हे वाचल्यावर, मावसभाऊ सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला विचारलं की तू राहिलास कसा. तर म्हणाला, शेजारच्या खाटेवर सांगलीचा एक मुलगा होता, माझे पाय सुजलेले तेव्हा तो स्वतःच्या बुटांबरोबर माझेही पॉलिश करून ठेवायचा, मग निघून जायला लाज वाटली. बस्, एवढंच.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला रॉसची बदली फार्नबरोच्या फोटोग्राफी स्कूलमध्ये झाली. इतकं सोसून मिळवलेलं सात-आठ आठवड्यांत गेलं. २७ डिसेंबरला डेली एक्स्प्रेसने बातमी फोडली की अरेबियाचा राजमुकुट नसलेला राजा शिपाई बनून राहतोय. जानेवारी १९२३ मध्ये हवाईदलाने त्याला काढून टाकलं. अधिकाऱ्याचं पद घे असं सुचवण्यात आलं, ते त्याने नाकारलं. ज्याने सोडून जायचा मोह परतवला त्यालाच बाहेर काढलं, ह्याला काय म्हणायचं!

मार्च १९२३ मध्ये तो पुन्हा भरती झाला. ह्या वेळी भूदलातलं रणगाडा दल, डॉर्सेट परगण्यातली बॉव्हिंग्टनची छावणी, नाव टी. ई. शॉ. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून रिक्रूट, पुन्हा ड्रिल.

आणि हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ड्रिल त्याला आता येत होती, चटके अंगवळणी पडलेले. तरी इथे तो पार खचला. मित्रांना त्या काळात लिहिलेली पत्रं वाचवत नाहीत. त्याचं म्हणणं असं की अक्सब्रिजची पोरं शिव्या देत का होईना, विमानांसाठी आली होती, आपण काहीतरी नवीन घडवणार आहोत असं त्यांना वाटायचं. इथली पोरं दुसरं काही जमलं नाही म्हणून आलीत, कुणालाच इथे यायचं नव्हतं. त्रास कमी आणि सोसण्याचं कारणच नाही, तर तो कमी त्राससुद्धा पेलवत नाही.

इथे माझं त्याच्याशी भांडण आहे. पगारासाठी भरती होणं म्हणजे हरणं असं फेलोशिप असलेल्या माणसाला वाटू शकतं. आमच्या सीमाभागात भरतीच्या मैदानावर पहाटे चार वाजल्यापासून धावणारी पोरं बहुतेक घरच्या भाकरीसाठी धावतात. मावसभाऊही त्यांतलाच, बहिणीच्या कॉलेजची फी तो भरतो. हे कारण विमानापेक्षा लहान आहे असं मला वाटत नाही.

गंमत म्हणजे लॉरेन्सचं मतही तिथेच राहून मऊ झालं. छावणीपासून जवळच क्लाउड्स हिल नावाचं मोडकळीला आलेलं घर त्याने भाड्याने घेतलं, दुरुस्त केलं. संध्याकाळी तिथे ग्रामोफोनवर बेथोव्हन, मोझार्ट लागायचे, डब्यातलं खाणं आणि चहा असायचा, आणि ऐकायला यायची ती हीच रणगाडा दलातली पोरं. कधी ई. एम. फॉर्स्टर येऊन बसायचे. थॉमस हार्डी डॉर्चेस्टरला राहायचे, त्यांच्याकडे शिपाई शॉ युनिफॉर्ममध्ये मोटरसायकलवरून चहाला जायचा. नाव मोठं असलेल्यांशी मैत्री आणि नाव नसलेल्यांत मुक्काम, असं त्याचं दोन्हीकडे चालू होतं.

पण हवाईदलात परत जायचा ध्यास काही सुटेना. त्याचे अर्ज फेटाळले गेले. १९२५ च्या जूनमध्ये त्याने एडवर्ड गार्नेट ह्या मित्राला लिहिलं त्यात जीव देण्याची भाषा होती. मित्र घाबरले, बर्नार्ड शॉ आणि जॉन बुकन ह्यांनी पंतप्रधान बाल्डविनपर्यंत गोष्ट नेली आणि ऑगस्टमध्ये त्याला हवाईदलात घेतलं. मनाने खंबीर असलेला माणूस कुणाला सांगत नाही, एकटा सोसतो, असं आपण समजतो. लॉरेन्सने सांगितलं म्हणून तो जगला. आमच्या होस्टेलमध्येसुद्धा हे भिंतीवर लावायला हवं.

क्रॅनवेलच्या तळावर तो सुखी झाला. द मिंटचा तिसरा भाग तिथला, सूरच वेगळा. इंजिनं, धावपट्टी, सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल. ज्या चक्कीला शिव्या घातल्या तिच्यातून बाहेर आल्यावर हा शांतपणा मिळाला की चक्की नसती तरी मिळाला असता, हे पुस्तक वाचून ठरवता येत नाही. मला वाटतं त्यालाही आलं नसतं.

जानेवारी १९२७ मध्ये तो हिंदुस्थानात पोचला, कराचीच्या ड्रिग रोड तळावर. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे एका अर्थी हा शिपाई आपल्याच सरकारच्या हद्दीत इंजिन दुरुस्ती विभागाची कारकुनी करत होता. तळ सोडून तो फारसा बाहेर पडला नाही. १९२२ ची ती टिपणं नीट करून द मिंटची स्वच्छ प्रत त्याने इथेच १९२८ मध्ये पूर्ण केली आणि गार्नेटला पाठवली. ट्रेन्चर्डना वाईट वाटू नये म्हणून १९५० पर्यंत छापायची नाही असं ठरलं. त्याच वर्षी त्याला वझिरिस्तानात मिरानशाहला पाठवलं, तिथे होमरच्या ओडिसीचा अनुवाद करत बसला. तेवढ्यात अफगाणिस्तानात अमानुल्लाविरुद्ध बंड झालं आणि त्यामागे हाच गुप्तहेर आहे अशा अफवा पिकल्या. जानेवारी १९२९ मध्ये त्याला घाईघाईने हलवलं. मुंबई बंदरातून तो राजपुताना बोटीने इंग्लंडला गेला.

पुढची सहा वर्षं त्याने समुद्रात पडलेल्या वैमानिकांना वाचवायच्या वेगवान बोटी सुधारण्यात घालवली. हात तेलाने काळे. कर्नल म्हणून मिळालं नाही ते समाधान त्याला ह्यात मिळालं असं त्याची पत्रं वाचून वाटतं. २६ फेब्रुवारी १९३५ ला मुदत संपली आणि ब्रिडलिंग्टनहून तो साध्या सायकलवरून निघाला. नोकरी संपल्यावर त्याला काय करायचं ते सुचेना. दिवस मोकळे पडले.

१३ मे ला बॉव्हिंग्टनच्या पोस्टातून तार करून परतताना सायकलवरच्या दोन मुलांना वाचवायला गेला आणि मोटरसायकलवरून फेकला गेला. १९ मे ला त्याच छावणीच्या इस्पितळात, जिथे बारा वर्षांपूर्वी तो दुसऱ्यांदा रिक्रूट झाला होता, तो वारला. वय ४६. मॉर्टनच्या चर्चमध्ये अंत्यविधी झाला, चर्चिल आले होते. शवपेटी धरणारे सहा जण होते. त्यांत युद्धातला जुना सहकारी होता, चित्रकार होता, शेजारी होता. एक हवाईदलातला होता, आणि एक रणगाडा दलातला साधा शिपाई, बॉव्हिंग्टनच्या बराकीतला.